पाय बग

करावे गावामागं, तिवरांच्या कडेला
मी दुर्बीण नीट करत होतो, तेवढ्यात
निवट्या धरायला चिखलात उतरलेली
धाकलीबाय भगत म्हणाली,
“पांढरं काय बगतस? पांढरं त समदंच हाय.
पाय बग.”

पाहिले.
काळी चोच, काळ्या काड्या,
आणि पाऊल उचललं तर खाली पिवळंधमक,
कुणाच्या हळदीतून तसाच उठून आल्यासारखा.
लहान बगळा.
एक पाय चिखलात थरथरवत होता,
तळाशी दडलेलं काही हलावं म्हणून.
याला आपण ध्यान म्हणतो, तेही ढोंगी.

मोठ्याच्या जबड्याची रेघ
डोळ्याच्याही मागे जाते.
मधल्याची डोळ्याखालीच थांबते.
एवढ्या रेघेपायी माझे तीन रविवार गेले.
“आणि तो राखाडी?”
“यो खारा. गोऱ्या पान्याला नाक मुरडतं.”

भरती चढली.
खाडीतला चिखल बुडाला तसे
सगळे उडून या तळ्यात आले,
दोन तास नुसतं उभं राहायला.
पलीकडे नव्या पत्र्यांचं कुंपण,
माती उकरणारा जेसीबी,
आणि त्याच्या मागे मागे गायबगळे:
गाय काय, यंत्र काय,
किडे उठले म्हणजे झालं.

वहीत लिहिलं: लहान एकोणीस, मोठे चार,
मधला एक, पुढे प्रश्नचिन्ह.
धाकलीबायनं काठावर पाय धुतले.
पोटरीपर्यंत काळा चिखल तसाच,
पावलं तेवढी उजळली.
पाटी कमरेवर घेत म्हणाली,
“मना पन लिवलंस का रं?”