टण

काल रात्रीच सगळ्या सायकली गावाबाहेर नेऊन ठेवल्या.
आज कुणी घंटी वाजवायची नाही,
पोरांनीसुद्धा.
आज घंटी आहे ती फक्त पिंपात,
पडद्याच्या आड,
आणि मी बाहेर, वही उघडून, कान लावून.

गांबिया नदीला ओहोटी लागलेली.
आमच्याकडे मत म्हणजे गोटी,
काचेची, बोराएवढी,
पोरं जिच्यावरून भांडतात तसलीच.

सोलो दार्बो आला. तीन ट्रक, दोन बेकऱ्या.
गोटी उगाच तळहातावर जोखून बघितली त्याने.
आत गेला. टण.

मग न्यिमा आत्या.
कालवं सोलून सोलून बोटांना चिरा,
शाई चिरांत शिरली तशी हसली.
आत गेली.
काही नाही.
बराच वेळ काही नाही.
विसरली वाटतं, कुठला रंग कुणाचा.

टण.

सांगायला लाज वाटते, पण रात्री पडल्या पडल्या
मी हिशेब मांडला होता:
सातवीला नागरिकशास्त्र शिकवतो मी,
घटना वाचलीय, दोनदा,
आणि आत्या पिंपावरचा फोटो बघून ठरवते.
माझी गोटी जराशी जड असती तर काय बिघडलं असतं?
शिशाची असती. नाहीतर दोन असत्या.

आणि मग, नको तेव्हा, तो भराव आठवला.
खारफुटीतून रस्ता आला तेव्हा
नकाशा मी वाचला. सहीही मीच केली.
आत्याने नुसतं पाणी जिभेवर घेतलं,
म्हणाली, इथे आता कालवं धरायची नाहीत.
धरली नाहीत.

संध्याकाळी पिंप उपडं केलं, वाळू चाळली.
दोनशे खळग्यांची फळी.
एकदा खळग्यात बसली की गोटी कुणाची राहत नाही.
तरी मी शोधली:
दार्बोची, आत्याची, माझी स्वतःची.

एक निघाली टवका उडालेली.
एक प्रतिनिधी म्हणाला, ही अख्खी कशी धरायची?
दुसरा म्हणाला, वाजली ना?
कंदिलाखाली आम्ही पाच माणसं
त्या टवक्याकडे बघत बसलो.
मी बोटाने दाबली. डुगडुगली.
बसली.

म्हणजे सगळं बरोबरीला आलं, असं नाही.
वर बेटावरच्या ओंजळभर गोट्यांना एक खासदार
आणि आमच्या पोतंभर गोट्यांनाही एकच.
ते फळीला कळत नाही.
फळीला खळगे कळतात.
मी वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवलंय,
कुणी विचारणार नाही ते.

कुलूप लावून बाहेर आलो तर
पायरीवर आत्या, अजून बसलेली,
शाईचं बोट पदरात.
किती भरल्या?
आकडा सांगितला.
ओठांतल्या ओठांत तिने तो एकदा म्हणून बघितला,
मग विचारलं,
त्यात माझी धरलीस ना?