सुटा भाग

सोमवारी उद्यमनगर बंद असतं,
म्हणून रियाज शिकलगारनं कॅमेरा सोमवारी लावला
मगदूमांच्या शॉपमध्ये, लेथ आणि रेडियल ड्रिलच्या मधोमध,
आणि सगळ्यांना बाहेर काढलं.
आप्पा गेले नाहीत.
"मशीनला त्याल घालतोय. मला कशाला धरताय फोटूत."

आता ते शॉप माझ्याकडे आहे,
राजारामपुरीत, अकराव्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर:
आठ हजार पिक्सेल रुंद, चार हजार उंच,
लाटून चपटं केलेलं,
छपराचे पत्रे वरच्या कडेला ताणून फाटायला आलेले,
खाली तेलाचे डाग लांबच लांब.
ते गोलात गुंडाळायचं, नजर आत ठेवायची,
आणि एवढी सगळी गोलाई
एका चौकोनात बसवायची मगदूमांच्या पानावर,
वर मेनू, खाली चौकशीचा फॉर्म, बाजूला पंपाचे फ्लँज.

पहिल्या दिवशी काहीच दिसलं नाही.
एरर नाही, काही नाही, नुसतं पांढरं पान.
दोन तासांनी कळलं:
शॉप पूर्ण उभं होतं, यंत्रांसकट,
फक्त ज्या डब्यात ठेवलं
त्या डब्याची उंची शून्य होती.
दुपारी जेवताना आप्पांना सांगितलं.
"भाग बरोबर हाय. बसायला जागाच दिली न्हाईस.
आमच्याकडं त्याला हौसिंग म्हणत्यात."

मग दुसरंच निघालं.
पान बदललं तरी जुनं शॉप जायचं नाही,
परत आलं की त्याच्यामागं नवं उभं राहायचं.
सोळा वेळा गेले-आले, सोळा शॉपं,
कुणाला न दिसता फिरत राहिलेली,
लॅपटॉपचा पंखा गिरणीसारखा.
सतराव्याला ब्राउझरनं
सगळ्यांत जुनं मुकाट मोडीत काढलं.
मी विसरलेली ओळ एवढीच होती:
जाताना बंद करून जा.
आप्पा रोज संध्याकाळी सहाला मेन स्विच खाली ओढतात,
बत्तीस वर्षं.
घरातलीच गोष्ट, मला उशिरा सुचली.

सांधा शेवटी राहिला.
चित्राची डावी कड आणि उजवी कड जिथं भेटते
नेमके तिथं आप्पा.
अर्धे या टोकाला, अर्धे त्या टोकाला,
मध्ये अख्खं शॉप.
गोल गुंडाळलं तेव्हा जुळले,
खांद्याला खांदा, टोपीला टोपी.
पण हात.

उजव्या हाताची तर्जनी शहाण्णव साली
चकमध्ये गेली, वरची दोन पेरं.
मी जन्मायची होते. ते बोट मी कधी पाहिलेलं नाही.
दोन फोटोंच्या मध्ये तेलाचा कॅन जरा हलला असणार
आणि जोडणाऱ्या प्रोग्रॅमनं, समजून,
मधल्या बोटाचं टोक उचलून शेजारी लावलं.
पाच बोटं.
मी झूम जाईल तितकं आत नेलं.
त्याला नख होतं.

मगदूमांचा फोन: "तेवढा माणूस काढता येतोय का बघा,
बाहेरचं गिऱ्हाईक आहे, नुसती मशिनं दिसू देत."
म्हटलं, नाही निघणार. सांध्यावर आहे.
काढला तर शॉप उसवेल.
हे खरं नाही. पंधरा मिनिटांचं काम आहे.
बोटाचं काम तर पाचच मिनिटांचं,
तेही केलेलं नाही.

रविवारी टॅब आप्पांच्या हातात दिला.
मधल्या बोटानं सरकवलं त्यांनी,
आधी जोरात, सगळं शॉप गरकन,
मग हळू, चकावर जॉब सेट करतात तसं.
पायाखाली पाहिलं: काळा गोल, त्यावर मगदूमांचा शिक्का.
"हितं रियाज हुता. गेला की दिसायचा."
स्वतःवरून ते तसेच पुढं गेले,
टोपी, खांदा, हात, काही बोलले नाहीत.
रेडियलपाशी थांबले.
कान स्क्रीनजवळ नेला.

"हिचं बेअरिंग वाजतंय कवापासनं.
ह्यात ऐकू येत न्हाई व्हय?"