दोन बोटं जागा

रविवारी रात्री साडेनऊलाही इथे उजेड जायचं नाव घेत नाही.
सरोवरावर एक जांभळट रेघ रेंगाळत राहते
आणि मी सिंकवर वाकून केल धुते.
हिल्डरच्या वाफ्यातला, पानामागच्या अळ्यांसकट;
"औषध मारलेलं नाही, म्हणूनच तर," हे वर ऐकवून दिलेला.

ज्यूसर जुना. गुरगुरतो, तापतो,
काकडी मुकाट्याने घेतो,
पण सेलरीचे धागे त्याच्या दातांत अडकतात.
मग बटण बंद, मग सुरी,
मग अर्लो झोपलाय ना बघून एक शिवी,
मग पुन्हा चालू.

लेम्पीचं पोहणं सहाला, माझी दवाखान्यातली ड्युटी साडेसहाला,
आइनोचं आइस्क्रीमचं दुकान, जिथून तो रात्री
व्हॅनिलाचा वास घेऊन येतो आणि कुणाशी बोलत नाही.
अर्लोचा बेसबॉल: चेंडू डोक्यावरून जातो
तेव्हा तो गवतात बसून मुंग्या बघत असतो.
बुधवारी काय असतं ते मला बुधवारीच कळतं.
डुलुथचा उन्हाळा नऊ आठवड्यांचा,
त्यात सगळ्यांना सगळं करायचं असतं.
सकाळ कुणाच्याच वाट्याला येत नाही,
म्हणून रविवारी बसून
मी आठवडाभराच्या सकाळी पिळून ठेवते.

बाटली काठोकाठ भरायची.
झाकण फिरवताना थेंबभर सांडला पाहिजे.
आत हवा राहिली की हिरवा रंग काळवंडतो,
लिंबू कितीही पिळा.
हे मला कुणी सांगितलं नाही,
दोन उन्हाळे नासवून कळलं.
वर चिकटपट्टी, पट्टीवर नाव आणि वार.
अर्लो त्याला बेडकाचं पाणी म्हणतो,
नाक धरून पितो
आणि हिरव्या मिशा पुसू देत नाही.

तीन दिवसांपलीकडे फ्रीजमध्ये टिकत नाही.
गुरुवारपासूनचं गोठवायचं.
आणि ऑरिनचं तर गोठवायचंच.
तो लोहखनिजाच्या गोळ्या भरलेल्या जहाजावर,
क्लीव्हलंडला जातो, रिकामा परततो, पुन्हा भरतो.
माल चढायला लागतात तेवढेच तास तो आमचा,
कधी दुपारचे, कधी रात्री दोनचे.

त्याची पहिली बाटली मी नेहमीसारखीच भरली होती,
गच्च, काठोकाठ, झाकण पिळून.
पहाटे फ्रीजर उघडला तर काच फुटलेली,
मटारच्या पिशव्यांवर हिरवं बर्फ,
आणि आत, बाटलीच्या आकारात,
बाटलीशिवाय उभा असलेला रस.
हिल्डर हसली नाही. म्हणाली,
"गोठणारं फुगतं, पोरी.
वर दोन बोटं जागा सोडायची."

मंगळवारी आइनो म्हणाला,
पुढच्या वर्षी मलाही जहाजावर जायचंय.
ताटावरून मान वर न करता.
मग मी बोलले. कॉलेज, हिवाळा, बापाचे गुडघे,
माझ्या मोजून ठेवलेल्या रात्री,
होतं नव्हतं ते सगळं ओतलं,
थेंबभर सांडेपर्यंत.
जाळीचं दार आपटलं,
बराच वेळ थरथरत राहिलं.

आज त्याच्या नावाची पट्टी हातात आहे
आणि वार लिहायचा राहिलाय.
रस गळ्यापाशी येतो, माझा हात थांबतो.
ही फ्रीजमध्ये जायचीय की फ्रीजरमध्ये?
खरंच आठवत नाही.
लांब बंदरात कुठलंतरी जहाज भोंगा देतं,
एक लांब, दोन आखूड,
आपलं नव्हे; आपलं शुक्रवारी.
मी चोथा हिल्डरच्या कोंबड्यांसाठी बादलीत भरते,
ओटा पुसते, पट्टी तशीच कोरी चिकटवते.

सकाळी पावणेसहाला उठते तर
आइनो जाऊन आलाय, किंवा जाऊन गेलाय.
सिंकमध्ये बाटली, न विसळलेली.
आत हिरवं कडं वाळून बसलंय,
नखाने निघत नाही.
ब्रश कुठे ठेवलाय कुणास ठाऊक,
आणि लेम्पी वरून ओरडतेय
की तिचा टॉवेल अजून ओलाच आहे.