डावं-उजवं

दुकान बंद व्हायला पंधरा मिनिटं होती.
मी टेस्टरच्या नळ्यांची तोंडं पुसत होते,
तेवढ्यात नऊ नंबरच्या बसचा ड्रायव्हर आत आला,
टोपी हातात धरून, दवाखान्यात आल्यासारखा.
छातीवर नावाची पट्टी : प्यो दोक-सू.
म्हणाला, अर्ध्या चेहऱ्याला पुरेल
एवढीच ट्यूब मिळते का?

मला हसू आलं. मग त्याने मान वळवली.
डावा गाल रापलेला, जुन्या पाकिटाच्या घडीसारखा,
डोळ्याच्या कोपऱ्यापासून कानापर्यंत चिरा.
उजवा मात्र तुकतुकीत,
जणू धाकटा भाऊ
शेजारी येऊन बसलाय.

एकवीस वर्षं, तो म्हणाला.
सकाळी सोक्चोहून दक्षिणेला निघतो,
समुद्र डावीकडे, समुद्रावर ऊन.
संध्याकाळी यांगयांगहून परत,
डोंगर डावीकडे, डोंगरावर ऊन.
माणसाने ठीक आहे,
पण सूर्याने इतकं डावं-उजवं करावं?
काल लायसन्सचा फोटो काढला.
स्टुडिओतला पोरगा कॉम्प्युटरवर विचारतो,
काका, यातली कुठली बाजू खरी धरू?

प्रशिक्षणात आम्हाला प्रकार शिकवले होते :
तेलकट, कोरडी, मिश्र, नाजूक.
कपाळ आणि नाक वेगळं, गाल वेगळे, इथपर्यंत ठीक.
पण बसच्या खिडकीने
मधोमध फाळणी केलेला चेहरा
कुठल्याच तक्त्यात नव्हता.

मी दोन टीपकागद घेतले.
उजवीकडचा तेलाने पारदर्शक झाला,
पलीकडची माझी बोटं दिसली.
डावीकडचा गेला तसाच परत आला.

जेल लावून पाहिलं, पाण्यासारखं पातळ.
उजव्या गालाला आवडलं, डावा ताणल्यासारखा झाला.
खनिजवालं लावलं, नाजूक त्वचेचं,
आरशात बघून म्हणाला, अर्धं भूत.
गुलाबाच्या वासाचं नुसतं उघडलं
तर लागोपाठ तीन शिंका;
वळणावर एक जरी आली, तो म्हणाला,
तर माझ्यामागे तीस माणसं बसलेली असतात.

काच ऊन अडवत नाही का?
भाजणारं बरंचसं अडवते, मी म्हटलं.
म्हातारं करणारं आत येऊ देते.
ट्यूबवरचे चार अधिक दाखवले : हे त्याच्यासाठी.
त्याने ते बोटाने मोजले,
सुटे पैसे मोजावेत तसे.

शेवटी त्वचेने नाही, डोळ्यांनी निवड केली.
घाम आला तरी न झोंबणारं,
ओलावा धरणारं, बिनवासाचं,
खालच्या फळीवरचं, साध्या निळ्या झाकणाचं.
दोन बोटांवर दोन रेघा, मी सांगितलं, पूर्ण चेहऱ्याला.
उजवीला कशाला? तिने काय केलंय?
काही केलेलं नाही, म्हणूनच.
तो जरा वेळ गप्प राहिला.
मग एकावर एक फुकट आहे कळल्यावर
दुसरी ट्यूब हातात घेऊन म्हणाला,
म्हणजे तिची वेगळी.

मला समजावून सांगायचा कंटाळा आला होता.
मी दोन्ही एकाच पिशवीत टाकल्या.

माझी सुट्टी मंगळवारी असते.
ट्यूबलाइटखाली तीन वर्षं काढलेला माझा चेहरा
कुठल्याच बाजूने रापलेला नाही,
भिजवलेल्या मुळ्यासारखा.
मंगळवारी मी नऊ नंबरची बस घेतली,
मुद्दाम डावीकडे बसले,
आणि तोंडाला काहीच लावलं नव्हतं,
हे कुणाला सांगू नका.

आरशातून त्याने मला ओळखलं.
कानाच्या पाळीजवळ पांढरा फराटा राहिला होता,
तो पुसायला मी खूण केली,
त्याला वाटलं, मी नमस्कार करतेय; त्याने मान झुकवली.
बस समुद्राकडे वळली.
सगळं ऊन एकदम आत आलं
आणि आधी स्टिअरिंगवरच्या
त्याच्या डाव्या हातावर जाऊन बसलं,
काळ्या, सुरकुतलेल्या, ओळखीच्या जागेवर.

हातांचं मी
काही सांगितलंच नव्हतं.