कुंडईत न फुलणारं फूल

पिंपावरचं नाव एवढं लांब
की नवा पोरगा ते दोन श्वासांत वाचतो:
हायड्रॉक्सि, सिट्रोनेलाल.
आम्ही नुसतं 'हायड्रॉक्सी' म्हणतो,
घरच्या माणसाचं नाव अर्ध्यावर तोडावं तसं.

रंग नाही. ओतताना पाण्याहून संथ.
वास एका पांढऱ्या फुलाचा,
थंड देशात झाडांच्या सावलीला
घंटेसारखं खाली मान घालून असतं म्हणे ते.
मी पाहिलेलं नाही.
कुंडईच्या ह्या पठारावर कुणीच पाहिलेलं नाही.
त्याचं अत्तर निघत नाही,
वाफ द्या, चरबीत पुरा, मुकंच राहतं.
मग कुणीतरी काचेच्या नळीत
त्याला आवाज दिला,
आणि तो आवाज निळ्या पिंपातून
उतरला आमच्या शेडीत, क्रमांक बावीस.

केंक्रेबाई सांगतात:
साबणात किती, अंगाला राहणाऱ्या क्रीममध्ये किती,
ते कागदावर आहे. नाकाला विचारू नका.
नाक खोटं बोलतं.

खरंच बोलतं.
सकाळी नऊला दार उघडलं की शेड भरून फूल.
साडेनऊला काहीच नाही.
पिंप तिथंच, झाकण तेवढंच उघडं,
पण नाकानं ते कधीच सोडून दिलेलं.
तेव्हा मी बाहेर जाऊन
काजूच्या झाडाखाली उभी राहते,
आणि परत येऊन पंखा लावते.

कुस्तोदियानं कागद पाहिला नव्हता.
बहिणीच्या लग्नाला जायचं होतं शिरोड्याला,
संध्याकाळी निघताना काचकांडीवरचा उरलेला थेंब
तिनं दोन्ही मनगटांना चोळला. निव्वळ. न मिसळलेला.
त्या रात्री काही झालं नाही.
खूप नाचली, सांगत होती.
मग पुढच्या महिन्यात पुन्हा, सणाला,
आणि त्याच्या पुढच्या.
चौथ्या खेपेला मनगटं पिकल्या आमाड्यासारखी सुजली,
पाणी सुटलं, झोप गेली.

डॉक्टरनं पाठीवर पट्ट्या चिकटवल्या,
दोन दिवसांनी काढल्या.
एकाच चौकोनाखाली लाल.

आता तिला पॅकिंगला घेतलंय.
पण इगर्जीत शेजारी कुणी पावडर लावून बसलं
तरी तिचा हात दुसऱ्या हाताकडे जातो.
नाक अर्ध्या तासात विसरतं.
कातडी विसरत नाही.
तिला एकदा ओळख पटली
की जन्मभर ती दारातच उभी.

म्हणून मी हातमोजे दोनदा बदलते.
पिंपात हवा राहू देत नाही,
हवा लागली की हे जुनं होतं, आंबतं, अधिक चावरं.
काट्यावर चौथा आकडा थांबेपर्यंत
श्वास धरते.
सांडलं तर भुसा, फडक्यानं नाही.

आणि घरी म्हार्दोळात
पोचल्या पोचल्या न्हाणीत, कपडे वेगळ्या बादलीत,
मगच आईजवळ.
तिच्यापुढे ओल्या पंच्यावर जाईच्या कळ्या,
केळीची दोरी पाण्यात भिजलेली,
बोटं न बघता ओवतात.
परवा तिनं माझं मनगट ओढून हुंगलं.
"खंयच्या फुलाचो गो हो वास?"
म्हटलं, आपल्याकडे होत नाही.
"मागीर तुका खंय मेळ्ळें?"
म्हटलं, मोजून मेळता.
ती हसली. तिच्या वळेसराला
आजवर कुणी वजनकाटा लावला नव्हता.

शनिवारी फोंड्याच्या बाजारात कुस्तोदिया दिसली.
सातवीत शाळा सुटलेली बाई,
साबणाची वडी डोळ्यांजवळ धरून
मागच्या बारीक इंग्रजी अक्षरांवर नख फिरवत होती.
एच. वाय. डी.
दुकानदार कंटाळला, तिच्यामागे दोघं खोळंबले.
आर. ओ.
तिनं वडी परत ठेवली.
दुसरी उचलली.