गादी

गादी उसवताना वरच्या कातड्याला हात लावायचा नाही.
ती पालथी घालायची, तळापासून सुरू करायचं,
आणि निघालेली प्रत्येक चूक,
अर्धा इंच, निळसर लोखंडाची,
डबीत टाकायची.
मॉरिट्सने पहिल्या दिवशी एवढंच शिकवलं.
चुका मोजून ठेव, लिव्हिना, म्हणाला,
या घराण्याच्या पुष्कळ आहेत.

घराणं हालेबेकांचं. गेंट शहर, लेये नदीचा काठ.
मोटारींच्या आधी दोघे भाऊ प्रेतगाड्या बांधायचे,
बाहेरून काळ्या, आतून रेशमी.
"मेलेल्यांना इतकी मऊ गादी,
मग जित्यांनी काय घोडं मारलंय?"
असं थोरला ओडिलोन म्हणाला म्हणे,
आणि एकोणीसशे सहा साली गाडीपुढचे घोडे सोडले.
केस तेवढे ठेवून घेतले. गाद्यांत भरायला.

ही गाडी एकोणतीसची. आठ सिलिंडर,
बॉनेट इतकं लांब की वळणावर
आधी नाक पोचायचं, मग मालक.
आता ती ओस्टेंडच्या एका दंतवैद्याची आहे
आणि तो फोनवर विचारतो, कुठवर आलं?

खाली जातेय, मी सांगते.
सर्वांत वर लाल रेक्झिन. सत्तरच्या दशकातली लग्नं,
तासाच्या भाड्याने,
वधूवरांवर उधळलेले तांदूळ अजून शिवणीत.
त्याखाली जर्मन फौजेचं करडं कांबळं,
सिगारेटची भोकं सात.
त्याखाली मूळचं कातडं, निळं-काळं,
एका ऑपेरा-गायिकेने
आपल्या चाऊ कुत्र्याच्या जिभेशी जुळवून घेतलेलं.
(नमुना घेऊन कारागीर तीनदा गेला.
कुत्रा दोनदा चावला.)
मग घोड्याचे केस, काथ्या,
आणि स्प्रिंगांवरच्या गोणपाटावर खडूने:
सेलेस्ता. ११ मार्च. बोट पिकलंय.

कंपनीच्या सचित्र इतिहासात दोघे भाऊ आहेत,
इंजिनाचा नकाशा आहे,
दिवाळ्याची तारीखही आहे, चौतीस सालची.
सेलेस्ता नाही.

दाराची महोगनी फळी काढली
तर पाठीवर मातादी बंदराचा शिक्का
आणि एक आकडा.
गिअरच्या दांड्याची मूठ हस्तिदंती होती,
कोणीतरी केव्हाच पिळून नेली.
काँगोच्या रानातून हे सगळं ज्यांनी वाहून आणलं
त्यांच्या हाती खडूसुद्धा आला नाही.
मी बराच वेळ त्या फळीवरून हात फिरवत बसले.
आकड्याला बोट नसतं पिकायला.

चौतीसनंतर नाव तेवढं हिंडलं.
आधी फ्रिजवाल्यांकडे,
मग एका विमा कंपनीच्या कपाटात,
मागच्या वर्षी झुरिकच्या कोणी घेतलं.
कारखाना नाही, कारागीर नाही, नुसतं नाव.
गादी कोणाची आणि बसतंय कोण.

त्यांचा माणूस काल आला, पातळ तळव्यांचे बूट.
नव्या, विजेवरच्या गाड्यांत त्यांना
जुन्या गाडीचा वास हवाय.
त्याने मूठभर केस काचेच्या बरणीत भरले,
झाकण घट्ट लावलं,
एकदा उघडून पुन्हा हुंगलं, पुन्हा लावलं.
मॉरिट्सने नव्वद युरोंची पावती फाडली.

जाता जाता त्याने विचारलं,
आणखी काही? एखादी गोष्ट वगैरे?
मी तेव्हा गोणपाट परत ठोकत होते,
खडू आतल्या बाजूला ठेवून.
आमच्या धंद्यात दोन्ही हात गुंतलेले असतात,
म्हणून खिळे ओठांत धरतात.
मी नुसती मान हलवली.
तोंड चुकांनी भरलेलं होतं.