पाठ क्रमांक सतरा

टाचणात मी लिहिलं होतं :
पूर्वज्ञान – विद्यार्थ्यांना वर्ग माहीत आहे.
साहित्य – खडू, फळा.
शेवटच्या बाकावर कुंभोजकर मॅडम,
मांडीवर निरीक्षणाची वही.

मणेराजुरी. नववी ब.
श्रेणिक चौगुले फळ्यापाशी आला
आणि न अडखळता लिहून गेला :
ए अधिक बी, कंसाचा वर्ग,
बरोबर ए वर्ग अधिक बी वर्ग.
वळून हसलाही.
इतकं सुबक चुकलेलं अक्षर
मी आधी पाहिलं नव्हतं.

हातात लाल खडू.
‘मधलं दोन एबी विसरू नका रे’
एवढंच म्हणायचं, की पुढचं उदाहरण.
पण नववीत मीही वर्ग असाच वाटला होता,
पंगतीत लाडू वाढावेत तसा,
ज्याच्या त्याच्या पानात एकेक,
आणि चुकलं कुठं, ते मला
कुणी सांगितलं नव्हतं.

खडू ठेवला.
“श्रेणिक, तुमची बाग किती ओळींची?”
“बाग नाही मॅडम. बेदाण्याचं शेड आहे.”
पोरं खिदळली.
मागून रेश्मा मुलाणी,
“आमची हाय. पण खरड छाटणी झालीय.”
चालेल, म्हटलं. छाटलेली चालेल.

दाराबाहेर चपलांचा ढीग होता.
व्हरांड्यात मांडल्या :
तीन ओळी, ओळीत तीन, हा जुना प्लॉट.
त्याच्या कोपऱ्याला कोपरा लावून
दोन ओळी, ओळीत दोन, हा नवा.
“झाली पाचाची चौरस बाग?”

कुणी बोलेना.
मग रेश्मा, अंगठा तुटलेली एक चप्पल हातात,
रिकाम्या फरशीवर जाऊन उभी राहिली.
“हे रान पडीक ऱ्हायलंय की.
आन् तिकडचंबी.”
मोजलं. सहा. तिकडं सहा.

श्रेणिक बराच वेळ उकिडवा बसून होता.
“म्हंजे मी बांध कोरला,” म्हणाला,
“दोन्हीकडनं.”

घंटा झाली. चपला कुणाच्या कुणाला.
मॅडमचा शेरा : फलकलेखन अपूर्ण.
वेळेचे नियोजन नाही.
आणि ‘खडू, फळा’च्या पुढे
त्यांच्या हिरव्या शाईत एक शब्द – चपला.

एसटीत बसताना श्रेणिक धावत आला,
“वजा असलं तर, मॅडम?”
तासगावपर्यंत मी मनातल्या मनात
पाचाच्या बागेतून दोन ओळी काढत होते,
आडव्या, मग उभ्या,
आणि कोपऱ्यातल्या त्याच चार चपला
दोनदा उचलल्या जात होत्या.